वरचं वरच्याचं

आकाश माझ्या हातात नाही,
हे मी पैसे घ्यायच्या आधीच सांगते.
दोन खोल्या, न्याहारी, लोकरीचे बूट, मिनीबस,
एवढं माझं. वरचं वरच्याचं.
तरी तिसऱ्या रात्री पाहुणे माझ्याकडे असे बघतात
जणू मीच मागच्या खोलीत
दिवा मालवून ठेवलाय.

हे कुटुंब ग्रोनिंगेनचं.
विबे, हन्नेके, थोरली फेम्के, जिची मान
फोनमधून फक्त रेनडिअरसाठी वर यायची,
आणि योरिस, वय सात,
आल्या दिवशीच सुकं मांस चावताना
पुढचा दात पडलेला.

डिसेंबर. सूर्य जाऊन तीन आठवडे झालेले.
दुपारी तासभर निळसर काहीतरी येतं कारासयोकला,
शेजारणीसारखं,
दारातूनच बोलून जातं.

लग्न झालं तेव्हाच यायचं होतं, हन्नेके म्हणाली.
मग फेम्के झाली, मग घराचे हप्ते,
मग विबेची आई अंथरुणाला खिळली.
विबे काहीच बोलला नाही,
कॅमेऱ्याची काच पुसत राहिला. स्वच्छच होती ती.

जेवताना मी सांगितलं, आई मला सांगायची तसं:
तो उजेड दिसला की शिट्टी घालू नये.
ऐकतो तो. खाली उतरतो, माणसाला उचलून नेतो.
फेम्के हसली.
योरिसनं विचारलं, "कुठे नेतो?"
आईनं ते सांगितलं नव्हतं.
मीही कधी विचारलं नव्हतं.

चौथी रात्र, शेवटची. उणे नऊ फक्त,
कारण ढग. ढग म्हणजे गोधडी,
ऊब देते, पण तोंडावरूनही ओढलेली.
नदीकाठी शेकोटी केली, कॉफी उकळली, पुन्हा उकळली,
आणि परत आलो. कुणी कुणाला काही म्हटलं नाही,
तेच जास्त ऐकू येत होतं.

दीडला मी चुलीत लाकूड सारायला उठले.
दार नुसतं लोटलेलं.
लाकडांच्या खोपीमागे योरिस,
रात्रीच्या कपड्यांत, पायात माझ्या नवऱ्याचे बूट,
(तो गेला, बूट आहेत)
तोंड वर करून फुंकतोय.
दाताच्या फटीतून नुसती वाफ.
फू.
पुन्हा फू.

मला त्याला उचलून आत आणता आलं असतं.
मी एकोणसाठ वर्षांची. आजवर
कुत्र्यालासुद्धा शिट्टी घातलेली नाही.
उभी राहिले.

फिनलंडच्या बाजूला ढग जरासा उसवला.
आत राखाडी पट्टा, ओल्या फडक्यानं पुसल्यासारखा.
"हाही ढगच," योरिस म्हणाला.
थांब म्हटलं.
मग त्याची खालची कड हिरवी झाली,
जूनमधल्या बर्चच्या पानाइतकी, त्याहून नाही,
आणि एकदाच हलली,
चरता चरता सगळा कळप एकदम मान वळवतो तशी.

"मला न्यायला आलंय?"
"नाही रे. तुझी शिट्टी वाजलीच नाही."
तो विचारात पडला.
"म्हणजे आपणहूनच आलं."

मग धावला. बूट मागे, तो पुढे.
विबे आला, एक पाय विजारीत, एक बाहेर,
हन्नेके रजईसकट, पाठोपाठ फेम्के, फोनशिवाय.
तोवर ढग मिटलेला.
योरिस हात करून दाखवत राहिला: इथून. इथपर्यंत.
आणि ते बघत राहिले, हातापलीकडे,
अर्धा तास तरी. आत कुणीच गेलं नाही.
कॅमेरा पलंगावर राहिला होता.

सकाळी त्यांना विमानतळावर सोडलं.
विबेनं माझा हात गरजेपेक्षा जास्त वेळ धरला.

काल चाहप्पे सशामागे पळाला तो दिसेना.
मी हाका मारल्या. घसा बसला.
मग इकडे तिकडे बघून ओठ पुढे काढले
आणि फुंकलं.
दात सगळे शाबूत, तरी नुसती हवा.
तासाभरानं आला, त्याच्या वेळेनं,
तोंडात फेम्केचा एक लाल हातमोजा.